भुकेला रकाना नव्हता

"हातातलं घड्याळ काढून दे," मालिनी म्हणाली. "मनगटाला तारा लावायच्यात. धातू चालत नाही."

मी घड्याळ काढून दिलं. तिनं ते टेबलाच्या खणात टाकलं, माझ्या दोन्ही मनगटांना चिकटपट्टीनं तारा लावल्या आणि त्यांची टोकं एका लाकडी पेटीत खोचली. पेटीवर एक लाल दिवा लुकलुकत होता.

"हे नाडीचं यंत्र. मनातल्या भावनेचा नाडीवर काय परिणाम होतो ते सरांना बघायचंय. तू नुसती शांत बस. मी येते थोड्या वेळानं."

आत येताना तिनं माझं वजन घेतलं होतं. एक्क्याऐंशी किलो. नाडीला वजन कशाला लागतं, असं मी विचारल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली होती, "सरांनी सांगितलंय."

सन १९७८. नाताळची सुट्टी. मी सांगलीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढच्या वर्षी मानसशास्त्र स्पेशल घ्यायचं मी पक्कं केलं होतं, आणि ते मिळणं न मिळणं केळुसकर सरांच्या हातात होतं, कारण विभागप्रमुख तेच आणि प्रात्यक्षिकाचे मार्क देणारेही तेच. म्हणून त्यांच्या प्रयोगाला मुली हव्यात अशी सूचना फळ्यावर लागली, तशी मी सगळ्यात आधी नाव दिलं. मालिनी पोतनीस त्यांच्या हाताखाली एम.ए. करत होती. वसतिगृहात राहायची. वाऱ्यानं उडून जाईल अशी अंगकाठी.

ती गेली आणि मी भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं. साडेअकरा वाजले होते. घड्याळाच्या खालच्या काचेवर कुणीतरी आतून तपकिरी कागद चिकटवला होता, त्यामुळे लंबक दिसत नव्हता. दिसत नव्हता, पण ऐकू येत होता.

माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मारुती रोडच्या एका बोळात त्यांचं सहा फुटी दुकान होतं. शाळेतून सुटले की मी दप्तरासकट तिथं जाऊन बसायची. एकाच वेळी तीस-चाळीस घड्याळं चालू असलेल्या जागेत ज्याचं बालपण जातं, त्याच्या कानाला एक खोड लागते. एखादं घड्याळ लंगडतंय, एखादं दमलंय, हे त्याला न बघता कळतं. आणि हे समोरचं घड्याळ कुत्र्यानं पाठ घेतल्यासारखं पळत होतं.

सुरुवातीला वाटलं, बिघडलं असेल. मी मनातल्या मनात माझ्या अंदाजानं वेळ मोजत बसले. माझ्या हिशेबी बारा वाजून चार-पाच मिनिटं झाली असतील, तेव्हा काटे बारा-चाळीसवर आले होते. तेवढ्यात दार उघडून मालिनी आली. हातात खारीची बशी. स्वतः एक तुकडा चघळत होती.

"बारा-चाळीस झाले की गं. जेवायची वेळ झाली. सरांकडे पाहुणे आले होते, त्यातली ही उरलीय. हवी तेवढी घे. हा फॉर्म तेवढा भर, मी दहा मिनिटांत येते."

चिकटपट्टी काढून तिनं हात मोकळे केले आणि ती गेली. फॉर्मवर "तुम्हाला राग कितपत येतो" असले प्रश्न होते. मी बशी थोडी सरकवली, तर खाली एक चिठ्ठी होती. पेन्सिलीनं लिहिलेली. 'क्र. १४. स्थूल. २०० ग्रॅम.'

मी ती तीनदा वाचली. मग उठले, खुर्ची भिंतीला लावली आणि तिच्यावर चढून घड्याळाचं दार उघडलं.

लंबक वीतभर असायला हवा होता. तो करंगळीएवढा होता. दांडी कापून, तळाला छोटं वजन डाक देऊन बसवलेलं. काम इतकं सफाईचं होतं की करणाऱ्याच्या हाताचं कौतुक वाटावं. मग मला मागच्या पत्र्यावरची खूण दिसली. प्रत्येक कारागीर घड्याळ उघडलं की आत सुईनं तारीख आणि आपलं नाव कोरतो, तशी. 'बा. तां. २/१२/७८.'

बाळकृष्ण तांबट. माझे वडील.

"कुंदा! उतर खाली!" मालिनी दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मी उतरले. "हे काय आहे?"

"तू हात लावायला नको होतंस त्याला."

"नाडीचं यंत्र म्हणालीस ना?" मी त्या लाकडी पेटीचं झाकण उचललं. आत एक बॅटरी आणि दिव्याची वायर. माझ्या मनगटाच्या तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

मालिनी खुर्चीवर बसली. हळू आवाजात म्हणाली, "परदेशात असा प्रयोग झालाय. सर तो आपल्याकडं करून बघताहेत. त्यांचं म्हणणं, जाड माणसाला पोटातून भूक लागत नाही. तो घड्याळ बघून खातो, वास आला म्हणून खातो, समोर दिसलं म्हणून खातो. बारीक माणूस पोटाचं ऐकतो. म्हणून घड्याळ पळवायचं आणि कोण किती खारी खातं ते मोजायचं."

"आणि बारीक मुली किती खातात?"

"अजून पूर्ण झालं नाही. पुढच्या शनिवारी दहा जणी यायच्यात, सगळ्या तुझ्या गटातल्या." ती थांबली. "तुला कळलंय म्हटल्यावर तुझं नाव काढून टाकावं लागेल. तू कुणाला सांगू नकोस. माझा प्रबंध आहे यावर."

मला खरंच भूक लागली होती. त्या वेळी मला घरी खायला काय मिळायचं ते सांगायला हवं. केळुसकर सर दर रविवारी गावातल्या एका दैनिकात सदर लिहायचे. त्यातल्या एका लेखात 'स्थूल व्यक्तीस भूक कळत नाही, म्हणून तिला ठराविक वेळी ठराविक मापाने अन्न द्यावे' असं वाक्य होतं. आईनं तो लेख कापून ठेवला होता. दोन स्थळांकडून माझ्या जाडीवरून नकार आले होते आणि आई घाबरली होती. तेव्हापासून मला सकाळी आठला एक वाटी पोहे, दुपारी एकला एक भाकरी, रात्री आठला एक भाकरी. मध्ये काही मागितलं की आई म्हणायची, "ती भूक नाही कुंदे, ती सवय आहे." सरांच्या लेखात तसंच लिहिलं होतं.

मी बशीतल्या दोन खारी उचलल्या आणि मालिनीच्या देखत खाल्ल्या.

"दोन खाल्ल्या. भूक लागली होती म्हणून खाल्ल्या. लिही तसं."

तिनं फॉर्मकडे बघितलं. "असा रकाना नाहीये," ती म्हणाली.

संध्याकाळी दुकानात गेले तेव्हा अण्णा डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकले होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. भिंग काढायचंही त्यांना सुचलं नाही. एक डोळा मोठा, एक लहान, असे ते माझ्याकडे बघत राहिले.

"मास्तर म्हणाले, पोरांना शिकवायला पायजे," ते शेवटी म्हणाले. "वेळ म्हंजे काय ते दाखवायचंय. मी म्हटलं, उलटं काम आहे, मी घड्याळ सुधारतो, बिघडवत नाही. तर म्हणाले, विज्ञानाचं काम आहे. म्हणून केलं." भिंग काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "तुझ्यासाठी होतं व्हय ते?"

"माझ्यासारख्या दहा जणी आणखी आहेत."

अण्णा माझ्या वजनाबद्दल आयुष्यात कधी एक शब्द बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाहीत. फक्त खूप वेळ हात पुसत राहिले.

"अण्णा, हे घड्याळ कुणाचं?" मी त्यांच्या समोरच्या मनगटी घड्याळाकडे बोट दाखवलं. पट्ट्याला कागदाची चिठ्ठी होती, ती मी वाचली होती.

"त्यांचंच. केळुसकर मास्तरांचं. तेलपाणी झालंय, सोमवारी द्यायचंय."

"शुक्रवारी द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणि सर स्वतः बसतात त्या खोलीत जे दुसरं लंबकाचं घड्याळ आहे ना, त्याला एक जादा लंबक करून द्या. लहान. दहाला लावला तर एक वाजायच्या वेळेला चाळीस मिनिटं पुढं गेलं पाहिजे."

"कुंदे, लोकांची वेळ चुकवायची नसते."

"चुकवलीत की तुम्ही. माझी."

हे बोलल्यावर मला लगेच वाईट वाटलं. पण अण्णा रागावले नाहीत. त्यांनी खणातून पितळेची पट्टी काढली, डोळ्यांपुढं धरून मापली, आणि म्हणाले, "करतो. पण त्यावर माझं नाव कोरीन. तारखेसकट. लपूनछपून काम मी करणार नाही."

आता अडचण होती मालिनीची. तिच्याशिवाय हे होण्यासारखं नव्हतं, कारण सुट्टीत विभागात ती आणि सर, दोघंच असायची. तासांच्या घंटाही नव्हत्या. रविवारी मी वसतिगृहात गेले. ती कॉटवर पुस्तक घेऊन बसली होती. मला वाटलं होतं, ती दार लावून घेईल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरांचं वजन किती असेल?"

"पन्नास-पंचावन्न."

"म्हणजे बारीक गट." ती उठली आणि ट्रंकेतून एक कोरा फॉर्म काढला. "मग हा भरायला हरकत नाही."

"तुझा प्रबंध?"

"बघू," ती म्हणाली. मग पट्टी घेऊन फॉर्मवर दोन रकाने आखायला बसली.

सोमवारी मूळ लंबक होता. सरांनी एक वाजता डबा उघडला. तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात. मंगळवारी सर यायच्या आधी मालिनीनं अण्णांचा लहान लंबक बसवला. घड्याळात साडेबारा झाल्यापासून सरांनी दोनदा वर बघितलं. भिंतीवर एक वाजला तेव्हा खरे बारा-वीस झाले होते. सर म्हणाले, "चला, पोटात कावळे ओरडायला लागले," आणि तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात, सगळं संपवलं. बुधवारी पुन्हा मूळ लंबक, गुरुवारी पुन्हा लहान. गुरुवारी बारा-वीसला सर म्हणाले, "आज जरा जास्तच भूक लागलीय बुवा," आणि डबा संपवून मालिनीकडून प्रयोगातली उरलेली एक खारी मागून घेतली. त्या दोन्ही दिवशी ते घरीही बरेच आधी पोचले असणार. त्याचं घरात कुणाला नवल वाटलं असेल, तर ते आमच्यापर्यंत आलं नाही.

शुक्रवारी सकाळी अण्णा आणि मी विभागात गेलो. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी आधी सरांचं घड्याळ त्यांच्या हातात दिलं, मग मी फॉर्म टेबलावर ठेवला. 'व्यक्ती क्र. १. कृश.' खाली चार दिवसांच्या वेळा, दोन रकान्यांत, एक भिंतीवरची आणि एक खरी. मालिनीचं अक्षर सरांना ओळखू आलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"माझ्यावर प्रयोग केलात?" ते म्हणाले. "माझी परवानगी न घेता?"

"तुम्ही माझी घेतली होती का, सर?"

"मिस तांबट, ते संशोधन होतं. व्यक्तीला आधी सांगितलं तर तिचं वागणं बदलतं. म्हणून सांगत नाहीत."

"म्हणूनच आम्हीही सांगितलं नाही."

"एका माणसावरून कुठलाही निष्कर्ष निघत नाही. एवढं तरी शिकला असाल."

"बरोबर आहे सर. पण तुम्ही निष्कर्ष आधीच छापलाय. माझ्या आईनं तो कापून ठेवलाय. मला भूक लागली म्हटलं की ती तो बघते."

मला वाटतं, ते वाईट माणूस नव्हते. पण आपण लिहिलेलं कुणाच्या ताटात जाऊन पडतं, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता, आणि त्या वेळी तो करायची त्यांची तयारीही नव्हती.

"तुम्हाला स्पेशल मानसशास्त्र घ्यायचंय ना?" त्यांचा आवाज थंड झाला. "मग माफीचं पत्र लिहून द्या. दोघींनीही. आणि उद्याच्या दहा मुलींपैकी कुणाला एक शब्द कळता कामा नये."

समोर कोरा कागद होता आणि त्यांनी स्वतःचं पेन टोपण काढून पुढं केलं होतं. मी ते घेतलं नाही.

"मी माफी मागणार नाही," मी म्हणाले. "तुम्हाला भूक लागली, तर ती भूक. मला लागली, तर ते लक्षण. यावर मी सही करणार नाही सर."

"मिस पोतनीस?"

मालिनी उभी राहिली. ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक होता की सरांना पुढं वाकावं लागलं. "सर, तुमच्या कृश गटात पहिलं नाव माझं आहे. पोटाचं ऐकणारी म्हणून. मी दिवसातून एकदा जेवते, मेसची घंटा झाली की. इतर वेळी मला भूक लागते की नाही, मला सांगता येत नाही. गेली तीन वर्षं येत नाही. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. फॉर्ममध्येही ते नव्हतं."

मग अण्णांनी घसा खाकरला.

"मास्तर, ते शेजारच्या खोलीतलं घड्याळ मी उतरवून नेतो. लंबक नीट करून सोमवारी परत आणून लावतो. माझी खूण हाय त्यात. ते तसं चालू राहिलेलं मला चालायचं नाही."

"ते कॉलेजचं घड्याळ आहे!"

"हो ना. म्हणून तर नीट करून आणतो," अण्णा म्हणाले, आणि सरांच्या होकाराची वाट न बघता आत गेले.

पुढचं आधी सांगून टाकते. मला प्रात्यक्षिकात शंभरात छत्तीस मार्क पडले, पासाच्या रेघेवर एक. स्पेशल मानसशास्त्र मिळालं नाही. मी इतिहास घेतला आणि पुढं एकतीस वर्षं इस्लामपूरच्या शाळेत तो शिकवला. मालिनीनं तो प्रबंध सोडला, पुण्याला जाऊन दुसऱ्या विषयावर पहिल्यापासून काम केलं, तिची दोन वर्षं गेली. त्या वर्षांत तिनं जेवायलाही पुन्हा शिकायला सुरुवात केली, असं तिनं मला पत्रात लिहिलं होतं. सरांचं सदर चालूच राहिलं. खारीचा प्रयोग मात्र कुठं छापून आला नाही. माझं लग्न तिशीत झालं, माझ्या मर्जीनं. आज मी सहासष्ट वर्षांची आहे आणि माझं वजन चौऱ्याऐंशी किलो आहे. ते कमी करायला मी अनेकदा चालले, पोहले, पथ्य पाळलं, कधी उतरलं, कधी चढलं. पण माझ्या पोटातलं मला कळत नाही, हे मी त्यानंतर कुणाचंही ऐकून घेतलं नाही. डॉक्टरचंही नाही.

त्या आठवड्यातला मला सगळ्यात जास्त आठवतो तो शनिवार.

मी साडेदहालाच विभागाच्या जिन्याशी जाऊन उभी राहिले. दहा मुलींची नावं मालिनीनं दिली होती. त्यांना एकेकटीला, अर्ध्या अर्ध्या तासानं बोलावलं होतं. मी मालिनीला सगळ्यांना अकराला बोलवायला सांगितलं होतं. एकेक करून त्या आल्या. बहुतेक जणी भिंतीच्या कडेनं चालत आल्या, जशी मी चालायची. मी प्रत्येकीला खरं काय ते सांगितलं: वजन का घेणार, तारा कशाच्या, खारी कशासाठी. "जायचं तर जा, थांबायचं तर थांबा," म्हणाले. दोघी निघून गेल्या. एक रडायला लागली, पण गेली नाही. मिरजेहून आलेली नसीम नावाची मुलगी, सगळ्यांत थोराड, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे आम्ही किती खातो ते लपून बघणार होते?"

"हो."

"आणि खारी आणलीय?"

"दोन किलो," मालिनी म्हणाली. "कालच आणून ठेवली होती."

नसीमनं दार उघडलं. भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा होता. आठ जणी, मालिनी आणि मी, दहा जणी त्या लहानशा खोलीत मावत नव्हतो. कुणी टेबलावर बसलं, कुणी खिडकीत. खारीचा पुडा मध्ये ठेवला. सुरुवातीला कुणी हात लावेना. आम्हा सगळ्यांनाच चारचौघांत खायची लाज वाटायची, लग्नाच्या पंगतीतसुद्धा आम्ही "नको, पोट भरलं" म्हणत उठायचो. मग जी रडत होती तिनंच पहिली खारी उचलली. नाक पुसत म्हणाली, "मी सकाळपासून काही खाल्लं नाहीये." शेजारची म्हणाली, "मी पण." मग कुणाच्या घरी भाताचं पातेलं लपवून ठेवतात, कुणाची काकू ताटावर नजर ठेवून बसते, कुणाला भावानं पैज लावून उपाशी ठेवलं, असं एकेक निघत गेलं. बोलत होतो आणि खात होतो. एकीनं तीन खाल्ल्या, एकीनं अर्धी खाऊन बस झालं म्हटलं, आणि कुणीही कुणाच्या मोजल्या नाहीत. मालिनी खिडकीत बसून एका खारीचे बारीक बारीक पापुद्रे काढत होती आणि एकेक पापुद्रा, विचार करत असल्यासारखी, तोंडात टाकत होती.

हसण्याचा आवाज खालपर्यंत गेला असावा. दार उघडलं. केळुसकर सर उभे होते. टेबलावर, खिडकीत, जमिनीवर, जिथं तिथं आम्ही. सगळ्यांच्या अंगावर खारीचा चुरा.

"काय चाललंय हे?" ते म्हणाले.

मी टेबलावरून उतरले नाही.

"आम्ही खातोय सर," मी म्हणाले, आणि पुड्यातून आणखी एक खारी घेतली.